शेजारी देशात व्हिसा लागत नाही म्हणजे नेमका कोणाला लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे नाशिकचे, सध्या नैरोबीत नोकरीला. त्यांच्याकडे केनियाचं वर्क परमिट आहे, पत्नीकडे डिपेंडंट पास. डिसेंबरात आई-बाबा भारतातून येणार आहेत. त्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने नैरोबी, कंपाला, किगाली आणि तिथून टांझानियातून आरुशा करून परत नैरोबी असा गोल मारायचा बेत आहे. जाता जाता कंपालात एका ग्राहकाकडेही डोकवायचंय. बरोबर ऑफिसातला केनियन मित्र आहे आणि तो म्हणतो, "आम्हा शेजाऱ्यांत व्हिसा नाही, ओळखपत्र दाखवलं की झालं." मग आपल्यालाही तसंच जाता येईल का? आणि येत नसेल, तर सगळ्यांना मिळून एखादा सामायिक कागद मिळतो का?

मी मोंबासा बंदरातून कंपाला-किगालीकडे जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं काम बघते. मालाबरोबर माणसंही जातात: ड्रायव्हर, टर्नबॉय म्हणजे ट्रकवरचे मदतनीस, बिघडलेल्या ट्रकमागे धावणारे मेकॅनिक, भारतातून मशीन बसवायला आलेले इंजिनियर. त्यामुळे सीमेवरच्या इमिग्रेशनच्या खिडक्यांशी माझा रोजचा संबंध आहे. उत्तर लांबेल, कारण तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेत.

तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये. तो स्वतःपुरतं खरं बोलतोय, आणि तेही पूर्ण सहलीपुरतं नाही. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांनी 1 जानेवारी 2014 पासून एकमेकांच्या नागरिकांना राष्ट्रीय ओळखपत्रावर ये-जा करू द्यायला सुरुवात केली. त्याला आधार आहे ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या, सामायिक बाजारपेठेच्या कराराचा. त्यावर सह्या नोव्हेंबर 2009 मध्ये झाल्या आणि तो 1 जुलै 2010 ला लागू झाला. या करारात सदस्य देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश आहे. पण पासपोर्टऐवजी ओळखपत्र चालवायचं की नाही, हे ज्या देशांना जमेल त्यांनी आपापसात ठरवावं, अशी मुभा ठेवली होती. तिघांनी ते ठरवलं, टांझानियाने नाही. म्हणजे तुमच्या मित्राला कंपाला आणि किगालीत ओळखपत्र पुरेल, पण टांझानियाच्या दारात त्यालाही पासपोर्ट काढावा लागेल. व्हिसा तिथेही नाही, पण नुसतं ओळखपत्र चालणार नाही. त्याला आजच विचारा, पासपोर्ट आहे का आणि मुदतीत आहे का. नैरोबीत पासपोर्ट काढायला गर्दीच्या दिवसांत वेळ लागतो.

आता मूळ मुद्दा. असे करार नागरिकत्वाला लागू होतात. रस्त्याला नाही, गाडीच्या नंबरप्लेटला नाही, आणि कुठे राहता त्यालाही सहसा नाही. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. भारतीय माणूस मतदार ओळखपत्र दाखवून नेपाळात जातो, पण त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या केनियन मित्राला तिथे स्वतःच्या पासपोर्टाचे नियम लागतात, मग तो कितीही वर्षं पुण्यात शिकत असो. तुमच्या गाडीत ही अदलाबदल झाली आहे इतकंच. सीमेवर गाडी एकच दिसते, पण खिडकीशी तीन वेगवेगळ्या दर्जाची माणसं उभी राहतात: एक पूर्व आफ्रिकी नागरिक, दोन केनियाचे परदेशी रहिवासी आणि दोन निव्वळ पाहुणे.

मधल्या दर्जाबद्दल, म्हणजे तुम्ही आणि तुमची पत्नी, लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. याच तीन देशांनी 2014 च्या सुमारास आणखी एक सवलत ठेवली. तिघांपैकी एका देशात वैध परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसाला उरलेल्या दोघांत भेटीसाठी जाताना व्हिसाची फी भरावी लागत नाही, त्याला इंटरस्टेट पास मिळतो. ही सवलत फिरण्यासाठी आहे, कामासाठी नाही. ती केवळ परवाना असणाऱ्यालाच लागू होते, घरातल्या सगळ्यांना आपोआप नाही. म्हणून पत्नीचा डिपेंडंट पास स्वतंत्रपणे मुदतीत असला पाहिजे. तुमचं परमिट नूतनीकरणाला दिलेलं असेल आणि हातात फक्त पावती असेल, तर या सवलतीच्या भरवशावर निघू नका. नैरोबीत पावती समजून घेणारा अधिकारी भेटतो, पण सीमेपलीकडच्या अधिकाऱ्याने ती मानावी अशी अपेक्षा का धरायची?

या पासचा एक व्यावहारिक तोटाही सांगते. सगळ्या खिडक्यांवर तो रोज मागितला जात नाही. एखादा नवा अधिकारी भारतीय पासपोर्ट बघतो, युगांडाचा व्हिसा दिसत नाही, आणि सरळ 50 डॉलरच्या व्हिसाकडे बोट दाखवतो. तिथे वाद घालून उपयोग नसतो. मी आमच्या माणसांना दोन गोष्टी सांगते. निघण्यापूर्वी नैरोबीतल्या इमिग्रेशनच्या कचेरीत, न्यायो हाउसमध्ये जाऊन पासची चौकशी करून तो हातात घ्या. आणि मूळ परमिट, एलियन कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) व नोकरीचं पत्र एकाच फोल्डरमध्ये वर ठेवा, फोनमध्ये नको. एवढं करूनही ज्यांना खोळंबा परवडणार नाही, त्यांनी युगांडाचा ई-व्हिसा आधीच काढलेला बरा. आई-बाबा गाडीत बसलेले असताना 50 डॉलरसाठी दुपारभर थांबण्यात मला अर्थ वाटत नाही, पण हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

आता आई-बाबा. त्यांना वरच्यापैकी काहीच लागू नाही. केनियाने जानेवारी 2024 पासून सगळ्या जगासाठी व्हिसा रद्द केला अशी बातमी तुम्ही वाचली असेल, आणि ती खरी आहे. फक्त त्या जागी ईटीए आला. म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन अर्ज, सुमारे 30 डॉलर फी, आणि मंजुरी हातात आल्याशिवाय विमानात बसता येत नाही. व्हिसा गेला, अर्ज राहिला. ईटीए एकदाच आत येण्यासाठी असतो. तो मुदतीत असेल तर कम्युनिटीतल्या शेजारी देशांत जाऊन त्याच ईटीएवर परत येता येतं असं नियम सांगतो, पण किगाली करून परत नैरोबीत येताना तो मानला जाईल ना, याची निघण्याआधी खात्री करून घ्या.

तुम्ही विचारलेला सामायिक कागद इथे कामाला येतो. ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा नावाची चीज 2014 पासून आहे. 100 डॉलर, 90 दिवस, आणि केनिया, युगांडा, रवांडा या तिघांत हवं तितक्या वेळा ये-जा. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे पहिलं पाऊल ठेवणार, म्हणजे आई-बाबांच्या बाबतीत केनियाकडे. यावर काम करता येत नाही, पण त्यांना तेही नको आहे.

आता हिशेब करू, कारण हा व्हिसा नेहमी स्वस्त पडतोच असं नाही. वेगवेगळे कागद काढले तर केनियाचा ईटीए साधारण 30, युगांडाचा व्हिसा 50, आणि परत येताना दुसरा ईटीए लागलाच तर आणखी 30. रवांडा कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना 30 दिवसांचा प्रवेश विनाफी देतो आणि भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणजे तिथे शून्य. बेरीज 80, दुसरा ईटीए लागला तर 110. सामायिक व्हिसा 100. दुसरा ईटीए धरला तर फरक दहा डॉलरचा, पण अर्ज तीन ऐवजी एक, आणि परतीच्या मंजुरीची टांगती तलवार नाही. तुमच्या आई-बाबांसाठी मी तोच घेतला असता. पण ते नैरोबीला परत न येता किगालीहूनच मुंबईचं विमान पकडणार असतील, तर सुटे कागद 80 डॉलरमध्ये भागतात. दर बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना सरकारी संकेतस्थळावरचाच आकडा खरा माना. आणि संकेतस्थळ सरकारीच आहे ना, हे दोनदा बघा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी बरीच पानं दलालांची असतात आणि 30 च्या जागी 90 लावतात.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण, टांझानिया. सामायिक व्हिसा त्या तीन देशांपुरता आहे. आई-बाबा रुसुमोच्या पुलावरून रवांडातून टांझानियात शिरले की तो संपला. पुढे नमांगाला केनियाच्या दारात आले की त्यांना नव्याने ईटीए लागेल, आणि तो तिथल्या खिडकीवर मागून मिळत नाही. दरवर्षी कोणी ना कोणी भारतीय कुटुंब यात अडकतं. व्हिसावर 90 दिवस लिहिलेले असतात, जेमतेम दहा वापरलेले असतात, म्हणून ते निर्धास्त असतात.

यावर तीन मार्ग आहेत. एक, ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत या आणि आरुशा पुढच्या खेपेला ठेवा. दोन, टांझानिया शेवटी ठेवून आई-बाबांना किलिमांजारो विमानतळावरूनच भारतात पाठवा. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर हा सगळ्यात सुटसुटीत. तीन, दुसरा ईटीए आधीच काढून ठेवा आणि नमांगाची तारीख पाळा. शिवाय रुसुमो ते आरुशा हा पट्टा नकाशावर दिसतो त्यापेक्षा फार लांब आहे. काहामा, न्झेगा, सिंगिडा करत जावं लागतं आणि आठशे किलोमीटरच्या वर रस्ता होतो. मधे बघण्यासारखं फारसं काही नाही. आमचे ड्रायव्हरसुद्धा त्या वाटेवर कंटाळतात. साठीपुढच्या माणसांना गाडीत बसवून मी तिकडून नेणार नाही, पण तुमच्या आई-बाबांची तब्येत तुम्हाला माहीत.

टांझानियासाठी तुम्हा चौघांनाही व्हिसा लागेल. भारतीय पासपोर्टावर साधा व्हिसा 50 डॉलर, आणि तो ऑनलाइन काढा. तुमचं केनियाचं परमिट तिथे उपयोगाचं नाही, कारण रहिवाशांची सवलत त्या तिघांतलीच आहे.

टांझानिया असा वेगळा का वागतो हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. थोडा इतिहास सांगते, कारण त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची पहिली कम्युनिटी 1967 मध्ये झाली आणि 1977 मध्ये मोडली. केनिया भांडवलशाहीच्या वाटेवर, राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा टांझानिया उजामा नावाच्या समाजवादाच्या वाटेवर, आणि युगांडात हुकूमशहा इदी अमीन, अशी ती तिकडी होती. सामायिक रेल्वे आणि विमान कंपनीच्या वाटणीवरून तर भांडण विकोपाला गेलं. टांझानियाने केनियाशी असलेली सीमा बंद केली ती 1983 पर्यंत. आत्ताची कम्युनिटी 1999 च्या करारातून उभी राहिली, कचेरी आरुशालाच. पण जमीन आणि रोजगार या दोन विषयांवर टांझानियात अजून धाकधूक आहे. सामायिक बाजारपेठेच्या करारातही जमिनीचा विषय प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यावर सोडला, त्यात टांझानियाचा आग्रह मोठा होता. जुलै 2025 मध्ये त्यांनी परदेशी लोकांना पंधरा प्रकारचे छोटे धंदे करायला बंदी घातली. मोबाइल दुरुस्ती, मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं दुकान, सलून, टूर गाइड असे ते धंदे. केनियात त्यावर बरीच ओरड झाली, कारण व्हिसाशिवाय जाऊन तिथे असली दुकानं टाकणाऱ्यांत केनियन खूप होते. आत जायला मोकळीक आणि आत जाऊन पोट भरायला मोकळीक, या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे त्या दुकानदारांना त्या आठवड्यात कळलं.

हाच धागा पकडून तुमच्या कंपालाच्या ग्राहकाकडे वळते. भेट घेणं, चहा पिणं, नवीन ऑर्डरची बोलणी करणं यात सहसा अडचण नाही, पण प्रवेशाच्या वेळी कारण विचारलं तर तेच सांगा. मशीन उघडलं, दुरुस्त केलं, कोणाला प्रशिक्षण दिलं की ते काम झालं, आणि त्यासाठी युगांडाचा स्पेशल पास वेगळा काढावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका कंपनीने आपला मेकॅनिक नैरोबीहून टूरिस्ट व्हिसावर पाठवला होता. खिडकीत विचारलं कुठे उतरणार, काय बघणार. त्याने जिंजाला नाईल नदी बघणार असं सांगितलं, ते पटलंही. मग गाडीची डिकी उघडली. आत पान्यांची पेटी, कंप्रेसरचा नवाकोरा सुटा भाग, आणि त्या भागावर कंपालाच्या कारखान्याच्या नावाचं चलन. त्याला तिथूनच मागे फिरवलं. चलन नसतं तरी पान्यांनी घात केलाच असता. तुम्ही लॅपटॉपवाले असाल तर एवढं दिसणार नाही, पण नियम तोच.

आता सीमा प्रत्यक्षात कशी ओलांडतात ते सांगते, कारण चुका कागदांपेक्षा तिथेच जास्त होतात. तुम्ही बुसियाने जा किंवा मालाबाने, दोन्ही ठिकाणी वन स्टॉप बॉर्डर पोस्ट आहे. म्हणजे केनियातून बाहेर पडताना केनियाच्या हद्दीत थांबायचं नसतं. सरळ पुढे जाऊन युगांडाच्या बाजूच्या इमारतीत शिरायचं. तिथे एकाच छपराखाली आधी केनियाची खिडकी, तिथे बाहेर पडल्याचा शिक्का, आणि मग युगांडाची खिडकी, तिथे बोटांचे ठसे, फोटो आणि आत आल्याचा शिक्का. येताना याच्या उलट, केनियाच्या बाजूच्या इमारतीत. ही व्यवस्था येण्याआधी दोन रांगा, दोन इमारती आणि मधला उन्हातला पट्टा असा प्रकार होता. आता वेळ बराच वाचतो. पण लोक सवयीने पहिली खिडकी विसरतात, थेट युगांडाच्या रांगेत उभे राहतात, आणि बाहेर पडल्याचा शिक्का राहून जातो. परतीच्या वेळी केनियाच्या नोंदीत तुम्ही कधी बाहेर पडलाच नव्हता असं निघतं.

बुसियाची दुसरी गंमत म्हणजे गाव सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलंय. बायका टोमॅटोच्या टोपल्या घेऊन बाजाराला इकडून तिकडे जातात, बोडाबोडावाले, म्हणजे मोटारसायकलवर भाडं मारणारे, दिवसातून कितीदा तरी फेऱ्या मारतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. ते बघून एखाद्या पाहुण्याला वाटतं, पलीकडे जाऊन पाण्याची बाटली आणू, गाडी रांगेत आहे तोवर. असं करू नका. त्यांच्यासाठी तो शेजारधर्म आहे. भारतीय पासपोर्टवाल्याने शिक्क्याशिवाय केलं तर तो बेकायदा प्रवेश ठरतो. बोडावाला स्वतःहून म्हणेल, "म्हिंदी (स्वाहिलीत भारतीय माणूस), चल, पाच मिनिटांत सोडतो." त्याला हसून नाही म्हणा. पैसे बदलून देणारेही नोटांच्या थप्प्या हातात घेऊन गाडीच्या काचेशी येतात. त्यांच्याशीही व्यवहार नको, आत बँकेचं काउंटर असतं.

शिक्का मिळाला की खिडकी सोडण्याआधी तो वाचा. किती दिवस दिलेत हे बऱ्याचदा हाताने लिहिलेलं असतं. व्हिसा 90 दिवसांचा आहे म्हणून शिक्क्यावर 90 असेलच असं नाही. सात लिहिले असतील तर सातच. तिथल्या तिथे नम्रपणे सांगितलं तर अधिकारी दुरुस्त करतात. दहा किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात आलं तर फार त्रास होतो.

आता थोडं अप्रिय. करार कागदावर असतो, पण फाटक उघडं ठेवायचं की नाही हे त्या आठवड्याच्या राजकारणावर ठरतं. युगांडा-रवांडाच्या गातुना सीमेचंच बघा. दोन्ही देश कम्युनिटीत, दोघांत ओळखपत्रावर ये-जा, आणि तरी फेब्रुवारी 2019 मध्ये दोन सरकारांचं बिनसलं आणि ती सीमा बंद झाली. ती उघडायला 31 जानेवारी 2022 उजाडलं. आमचे ट्रक त्या काळात मिरामा हिल्स आणि कागितुंबाच्या वाटेने वळवावे लागले, डिझेल आणि दिवस दोन्ही वाढले. माल तरी वळसा घालून पोहोचला. सामान्य रवांडन माणसाला युगांडातल्या नातेवाइकांकडे जाणंच बंद झालं होतं. करारातलं एक वाक्यही या काळात बदललं नव्हतं. बुरुंडीनेही जानेवारी 2024 मध्ये रवांडाशी असलेली सीमा बंद केली. म्हणून मी कुठल्याही सहलीच्या आदल्या आठवड्यात एखाद्या ट्रक ड्रायव्हरला फोन करून विचारते. त्यांना बातम्यांच्या आधी कळतं. तुमच्या ओळखीत ड्रायव्हर नसेल तर नैरोबी-कंपाला बसच्या तिकीट खिडकीवर विचारा.

सोमालियाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मार्च 2024 मध्ये तो कम्युनिटीचा आठवा सदस्य झाला. पुढच्याच वर्षी केनियाने बहुतेक सगळ्या आफ्रिकी देशांच्या नागरिकांना ईटीएतूनही सूट दिली आणि त्यातून दोन देश वगळले: लिबिया आणि शेजारचा सोमालिया, सुरक्षेचं कारण देऊन.

तुम्ही ओझरतं विचारलंय की बाकी आफ्रिकेतही असंच आहे का. थोडक्यात सांगते, कारण तिथला माझा अनुभव तोकडा आहे. पश्चिम आफ्रिकेत इकोवास या तिथल्या देशांच्या संघटनेने हे आपल्यापेक्षा फार आधी केलं. त्यांचा मुक्त संचाराचा करार 1979 चा आहे आणि सदस्य देशाच्या नागरिकाला 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी 2025 मध्ये त्यातून बाहेर पडले, तरी त्यांच्या लोकांचे जुने पासपोर्ट आणि ओळखपत्रं तूर्त मानायची असं इकोवासने सांगितलं. दक्षिणेत बोत्सवाना आणि नामिबियाने फेब्रुवारी 2023 पासून ओळखपत्रावर ये-जा सुरू केली. अख्ख्या खंडासाठी आफ्रिकन युनियनने 2018 मध्ये मुक्त संचाराचा करार मंजूर केला, पण तो लागू व्हायला पंधरा देशांची मान्यता लागते आणि ती देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. दोन शेजाऱ्यांना जे जमतं ते पन्नासजणांना जमत नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. शेजाऱ्यांकडे एकमेकांच्या लोकांना परत पाठवायची सोय असते, नोंदी ताडून बघता येतात, आणि सीमेवरच्या गावांतली माणसं तशीही जातच असतात. करार बहुतेक वेळा त्यांच्या मागून येतो. या कुठल्याही करारात भारतीय पासपोर्टाचा उल्लेख नाही. आपल्याला त्या त्या देशाचा स्वतंत्र नियमच बघावा लागतो.

आता तीन गोष्टी ज्यांचा व्हिसाशी संबंध नाही पण फाटक अडवतात. पहिली, पिवळ्या तापाची लस. युगांडात शिरताना कार्ड मागतात, आणि भारतात परतताना तर हमखास. वैध कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, आणि मुंबई-पुण्यात ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. आई-बाबा साठीच्या पुढे असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. त्या वयात या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टर नको म्हणाले तर सूट-पत्र कुठून आणि कसं घ्यायचं, ते त्याच केंद्रावर सांगतात. तुमच्या केनियन मित्रालाही हे कार्ड लागेल. व्हिसा माफ आहे म्हणून लस माफ नाही.

दुसरी, गाडी. लॉगबुक, म्हणजे गाडीच्या मालकीचं नोंदणीपत्र, तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर सोपं. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं, कंपनीची असेल तर कंपनीचं पत्र हवं की ही गाडी देशाबाहेर न्यायला आमची हरकत नाही. विमा कंपनीकडून कोमेसाचं यलो कार्ड, म्हणजे शेजारी देशांत चालणारा गाडीचा विमा, घ्या, कारण केनियाचा थर्ड पार्टी विमा सीमेपलीकडे चालत नाही. कस्टम्सकडून गाडीचा तात्पुरता परवाना निघतो, त्यावर परतीची तारीख असते, आणि ती ओलांडली तर दंड लागतो. गातुनाला आणखी एक सांभाळा: रवांडात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सीमा ओलांडून पहिल्या वळणाला सवयीने डावीकडे जाणारे केनियन ड्रायव्हर मी पाहिलेत, आणि तिथले डोंगरी रस्ते चुकीला फार जागा देत नाहीत. वेगमर्यादेचे कॅमेरेही भरपूर आहेत.

तिसरी गोष्ट आईंना कळवा. प्लास्टिकच्या पिशव्यांना रवांडात 2008 पासून आणि केनियात 2017 पासून बंदी आहे, टांझानियातही आहे. चिवडा, लाडू, मेतकूट कॅरीबॅगेत बांधून येत असेल तर डब्यात किंवा कापडी पिशवीत भरायला सांगा. विमानतळावर लाडू टेबलावर आणि पिशवी कचऱ्यात, असं दृश्य नको असेल तर.

म्हणजे माझ्या मते तुमच्यासाठी बेत असा: टांझानिया वगळून नैरोबी, कंपाला, किगाली आणि त्याच वाटेने परत. आई-बाबांना ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा, तुम्हा दोघांना परमिटच्या जोरावर इंटरस्टेट पास किंवा मनःशांतीसाठी युगांडाचा ई-व्हिसा, मित्राला ओळखपत्र. टांझानिया हवाच असेल तर तो शेवटी, आणि आई-बाबांचं विमान किलिमांजारोहून. यात बदल करायला लावतील अशा दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमच्या परमिटची मुदत डिसेंबरच्या पुढे आहे का? आणि बाबांच्या पासपोर्टची किती उरली आहे? ती प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर आधी पासपोर्ट नवा करायला टाका. व्हिसाचे अर्ज नव्या नंबरावर करावे लागतील, जुन्यावर भरलेली फी परत मिळत नाही.